लघवीतल्या नायट्रेटपासून मेंदूतल्या दाहापर्यंत

नायट्रिक ऑक्साइड म्हटलं की गाड्यांचा धूर आठवतो. (हसवणारा वायू तो वेगळा, नायट्रस ऑक्साइड.) पण हा वायू आपलं शरीरही बनवतं, आणि त्याचा एक माग लागला तो चक्क लघवीत. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्हन टॅनेनबॉम यांच्या गटाला दिसलं, की माणूस पोटात घेतो त्याहून जास्त नायट्रेट बाहेर टाकतो. त्यातच एका स्वयंसेवकाला ताप आणि जुलाब झाले, तेव्हा त्याच्या लघवीतलं नायट्रेट एकदम वाढलेलं आढळलं. हे नायट्रेट येतं कुठून? १९८५मध्ये स्ट्युअर आणि मार्लेटा यांनी दाखवलं, की जंतूंच्या विषाने डिवचलेल्या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) ते बनवतात. या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करून शत्रूवर सोडतात आणि त्याचंच पुढे नायट्रेट होतं, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत उलगडलं.

मेंदूचा धागा अगदी वेगळ्या टोकाने आला. रक्तवाहिन्या सैल करणारा गूढ पदार्थ फर्चगॉट यांनी १९८०मध्ये मांडला होता. तो नायट्रिक ऑक्साइडच, हे १९८७मध्ये ठरलं. त्यासाठीचं १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. १९८७च्या त्या शोधातले साल्व्हादोर मोनकाडा राहिले, ते अनेकांना खटकलं, आणि मला विचाराल तर रास्तच खटकलं. १९८८मध्ये जॉन गार्थवेट यांनी उंदराच्या लहान मेंदूतल्या पेशींचे एनएमडीए ग्राहक (ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा संदेश झेलणारी प्रथिनं) चेतवले, तर तोच पदार्थ बाहेर पडला. १९९०मध्ये ब्रेड्ट आणि स्नायडर यांनी मेंदूत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वेगळं केलं. कॅल्शियम वाढलं की ते चालू, ओसरलं की बंद.

मॅक्रोफेजमधलं त्याचं भावंड, म्हणजे तिथलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम, असं आवरत नाही. ते एरवी नसतंच. दाह सुरू झाला की काही तासांत घडवलं जातं, आणि मग कॅल्शियमची पर्वा न करता वायू सोडत राहतं. १९९२च्या आसपास हेच एन्झाइम मेंदूच्या राखणदार मायक्रोग्लिया पेशींत आणि ॲस्ट्रोसाइट या न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींतही सापडलं. शेजारचे न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) त्याच्या वायूने मरतात, हेही त्याच वर्षी प्रयोगांत दिसलं.

मरतात कसे, याचा एक दुवा १९९४मध्ये मिळाला. पेशीची ऊर्जाकेंद्रं म्हणजे मायटोकाँड्रिया. त्यांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या ऑक्सिजन वापरणाऱ्या एन्झाइमवर नायट्रिक ऑक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो. ऊर्जा आटते, न्यूरॉनमधून ग्लुटामेट गळतं, आणि ते गार्थवेट यांच्याच एनएमडीए ग्राहकांवर जाऊन आदळतं. अशा अतिचेतनेने न्यूरॉन मरतात.

यातलं बरंचसं उंदीर-घुशींच्या पेशींत पाहिलेलं आहे. मानवी मायक्रोग्लियांना तसंच डिवचलं तर त्या फार थोडा वायू देतात. मानवी ॲस्ट्रोसाइट मात्र दाहाचे निरोप मिळाले की तो बनवतात, त्यामुळे माणसाच्या मेंदूतला खरा उगम कोणता, हा वाद अजून चालू आहे.