विश्वासातील अडथळे व त्यांवर मात (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धावंताचा देवावरील विश्वास कोणत्या कारणांनी डळमळतो, कोरडा पडतो किंवा मुळात रुजतच नाही, आणि त्यातून बाहेर पडण्याचे कोणते मार्ग चर्चच्या परंपरेने दाखवले आहेत, याचा विचार या विषयात होतो. बौद्धिक शंका, दुःख व आजार, अपराधाची बोचणी, प्रार्थनेतील रुक्षपणा, आप्तांचा व समाजाचा विरोध आणि खुद्द चर्चच्या वर्तनाने बसलेला धक्का हे अडथळ्यांचे ठळक प्रकार आहेत. या सर्वांवर एकच उपाय चालत नाही. आपल्यापुढचा अडथळा नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावे, मग उपाय योजावा, असे या परंपरेतील अनुभवी मार्गदर्शक सांगत आले आहेत. आणि जेथे ही ओळख चुकली तेथे उपदेशानेच माणसे अधिक खचली, याचीही उदाहरणे आहेत.

या विचाराचा पाया बायबलमध्ये आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क ४) येशू बी वाया जाण्याची वेगवेगळी कारणे सांगतो : वाटेवरचे बी पाखरे खाऊन टाकतात, खडकाळीवरचे रोप छळ होताच करपते आणि काटेरी झुडपांतले प्रपंचाच्या चिंतांनी व धनाच्या मोहाने गुदमरते. याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप भेटतो. मुलाला बालपणापासून झटके येतात, तो कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो, आणि शिष्यांनाही त्याला बरे करता आलेले नाही. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. या ‘असेल तर’वर येशू त्याला हटकतो, तेव्हा तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा. पुढे जे घडते ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. येशू त्याला आधी विश्वास पुरा करून ये असे म्हणत नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरच मुलगा बरा होतो. पुनरुत्थित ख्रिस्ताला नमन करणाऱ्या अकरा शिष्यांतही काहींना संशय होता, असे मत्तय (२८:१७) लपवून न ठेवता लिहितो, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्या संशयितांसह सर्वांनाच दिली जाते. येशूच्या जखमा स्वतः पाहिल्याविना त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट सर्वपरिचित आहे. तिच्यातील एक तपशील मात्र सहसा निसटतो : बाकीच्यांच्या साक्षीवर विश्वास न ठेवणारा थोमा आठ दिवसांनंतरही त्यांच्यातच होता, त्यांनी त्याला दूर केले नव्हते आणि तोही त्यांना सोडून गेला नव्हता. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र तर आशेच्या एकाही ओळीविना अंधारावरच संपते, आणि तरीही ते उपासनेतील प्रार्थनांमध्ये टिकून राहिले.

बौद्धिक शंकांना ख्रिस्ती विचारवंतांनी क्वचितच टाळले. थॉमस अक्वायनस (१२२५–७४) देवाच्या अस्तित्वाची चर्चा सुरू करतो तीच दोन आक्षेपांनी : जगात वाईट असताना सर्वथा चांगला देव कसा असेल, आणि सृष्टीतील घडामोडी नैसर्गिक कारणांनी उलगडत असतील तर देवाची गरज काय. आजच्या तरुणाच्या मनातले प्रश्न याहून फारसे निराळे नाहीत. कार्डिनल न्यूमन (१८०१–९०) यांनी अडचण आणि संशय यांत स्पष्ट भेद केला. एखाद्या सिद्धांताचे कोडे न उलगडणे ही अडचण होय. अशा हजारो अडचणी एकत्र केल्या तरी त्यांचा एक संशय होत नाही, असे त्यांचे मत होते. कॅथलिक चर्चची १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली अधिकृत धर्मशिक्षाही जाणूनबुजून जोपासलेला संशय आणि आपोआप मनात उठणारी चलबिचल यांना एकाच मापाने मोजत नाही.

तथापि बुद्धीचे समाधान झाले म्हणजे वाट मोकळी झाली असे होत नाही, हे संत ऑगस्टीनच्या (३५४–४३०) चरित्रावरून दिसते. वाईटाचा उगम कोठे, या प्रश्नाने त्याला सुमारे नऊ वर्षे मानी पंथाच्या (चांगले व वाईट ही दोन स्वतंत्र मूलतत्त्वे मानणाऱ्या पंथाच्या) आश्रयाला ठेवले होते. मिलान येथे बिशप अँब्रोझची प्रवचने ऐकून जुन्या करारातील त्याला खटकणाऱ्या कथांचा रूपकात्मक अर्थ लागू लागला, नवप्लेटोवादी ग्रंथांनी वाईटाविषयीचे कोडे सैल केले, आणि तरीही तो जागचा हलला नाही. आता त्याला सवयीने जखडले होते. शुद्ध आचरण मला दे, पण इतक्यात नको, अशी आपली तरुणपणची प्रार्थना त्यानेच पुढे नोंदवली आहे. ३८६ मध्ये मिलानमधील बागेत शेजारून ‘घे, वाच’ असा बालस्वर ऐकून त्याने पौलाची पत्रे उघडली, आणि पुढील वर्षी ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. एकाच माणसात एकामागे एक दोन निरनिराळे अडथळे होते, आणि पहिल्यावर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालला नाही.

प्रार्थनेत येणाऱ्या रुक्षपणाचा अभ्यास सर्वांत सूक्ष्म झाला आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा तपस्वी इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. त्यांपैकी मन विटवून टाकणाऱ्या मरगळीला त्याने भर दुपारचा दुरात्मा म्हटले. त्याचे वर्णन इतके नेमके आहे की ते प्रत्यक्ष पाहून लिहिल्याचे जाणवते. सूर्य जागचा हलतच नाही आणि दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे त्या साधूला वाटू लागते. तो सारखा खिडकीकडे बघतो, झोपडीबाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, कोणी बांधव भेटायला येतो का ते पाहतो. मग त्याला ती जागा, ते हातकाम आणि ते सारे जिणेच नकोसे होते; दुसरीकडे गेलो तर देवाला अधिक चांगले भजता येईल, असे त्याचे मन त्याला पटवू लागते. यावर इव्हाग्रियस सांगतो की या वेळी झोपडी सोडू नये. आपल्या मनाचे जणू दोन भाग करावे आणि एकाने दुसऱ्याला धीर देत बेचाळिसाव्या स्तोत्रातला प्रश्न विचारावा : माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?

स्पेनमधील इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने हाच धागा पुढे नेला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळलेला असताना, कोणते विचार मनात टिकाऊ आनंद ठेवून जातात आणि कोणते मागे कोरडेपण ठेवतात, हे तो निरखू लागला. या निरीक्षणातूनच त्याचे विवेकाचे नियम सिद्ध झाले. मन उद्विग्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांतील सर्वांत उपयुक्त नियम म्हणता येईल. नेमलेली तासभराची प्रार्थना अशा वेळी नकोशी होते, म्हणून ती आखडती न घेता तासाहून थोडी अधिकच करावी, असेही तो सांगतो. उद्विग्नतेची कारणे तो तीन मानतो : आपली हयगय, देवाने पाहिलेली परीक्षा आणि सारे काही कृपेचे दान आहे याची जाणीव करून देणे. यांपैकी केवळ पहिल्या कारणात दोष माणसाकडे जातो, हे त्याच्या वाचकाने विसरू नये.

संत योहान ऑफ द क्रॉस (१५४२–९१) याला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच कार्मेलाइट संघातील, संघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या बांधवांनी टोलेडो येथे कोंडून ठेवले. नऊएक महिन्यांनी तो निसटला, पण त्या अरुंद कोठडीत त्याने काव्यरचना केली, आणि आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयीचे त्याचे पुढील विवेचनही या काळाच्या अनुभवापासून वेगळे काढता येत नाही. रुक्षपणा देवाकडून आला आहे की ढिलाईतून, हे ओळखण्यासाठी त्याने तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही तशी ती जगातल्या दुसऱ्या कशातही वाटत नाही. आपण देवाची सेवा नीट करत नाही ही बोच मनाला सतत लागलेली असते. आणि पूर्वीसारखे चिंतन कितीही प्रयत्न केला तरी साधत नाही. मनाच्या आजारातूनही असा रुक्षपणा येऊ शकतो, हे त्याला ठाऊक होते व त्याने ते लिहूनही ठेवले. आज नैराश्याच्या रुग्णाला केवळ ‘प्रार्थना वाढव’ असे सांगणाऱ्या पाळकाने सोळाव्या शतकातील या साधूची ही सावधगिरी अवश्य बाळगावी. डॉक्टरकडे जाणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण नव्हे.

विसाव्या शतकात या रात्रीचे उदाहरण मदर तेरेसा (१९१०–९७) यांच्या पत्रांतून पुढे आले. ही पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या हसतमुख चेहऱ्यामागचा दशकानुदशकांचा अंधार जगभर कळला. देव आपल्याला नको म्हणतो आहे असे वाटत असतानाही त्यांचे पहाटेचे मिस्साबलिदान आणि रुग्णांची सेवा अखंड चालू होती. पुण्यात दीर्घकाळ ईशज्ञान शिकवणारे ऑस्ट्रियन जेझुइट (इग्नेशियसने स्थापलेल्या संघातील) धर्मगुरू योसेफ नॉयनर यांच्याशी १९६१ च्या सुमारास बोलल्यानंतर, हा अंधार म्हणजे येशूने सोसलेल्या वेदनेतला आपला वाटा आहे, असे त्या मानू लागल्या. अंधार गेला नाही. त्याच्याशी असलेले त्यांचे नाते बदलले. मात करणे याचा अर्थ अडथळा नाहीसा होणे असाच घ्यायचा नसतो, हे येथे दिसते.

अपराधाची बोचणी आणि आपला उद्धार होणार नाही ही धास्ती यांनी प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) आयुष्यभर ग्रासला होता. अशा वेळी एकटे बसू नये, असा त्याचा खिन्न मित्रांना आग्रहाचा सल्ला असे. माणसांत जावे, खावे-प्यावे, हसावे-बोलावे आणि स्वतःच्या अंतःकरणाऐवजी देवाच्या वचनाकडे पाहावे. कॅथलिक परंपरेत हेच काम प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूपुढे पापकबुली देऊन मिळणारी क्षमा, करतो.

दुःखाच्या प्रसंगी मंडळीतूनच एक नवा अडथळा उभा केला जातो, आणि तो घातक आहे. ‘विश्वास कमी पडला म्हणून आजार गेला नाही’ हे वाक्य आरोग्य आणि समृद्धीची हमी देणाऱ्या प्रचारातून अनेक प्रार्थनासभांत पोहोचले आहे. बायबलच्या साक्षीशी ते जुळत नाही. पौलाने आपल्या देहातील काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली व तो काढला गेला नाही (२ करिंथ १२), आणि निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबावर पापाचा ठपका ठेवणाऱ्या मित्रांवर शेवटी देवाचाच कोप झाला.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ताकडे वळणाऱ्यांपुढे सर्वांत आधी सामाजिक अडथळा उभा राही. बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात आणि वारसा गमावणे होते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना डोंगरावरील प्रवचनाने जिंकले होते, तरी कुटुंबाच्या विचाराने ते घुटमळत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून त्यांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ राहायला आल्या तरी त्यांनी सोवळेओवळे सोडले नव्हते. स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. कोणाच्या वादविवादाने नव्हे, तर माणसांमाणसांतले भेद देवाने केले की माणसांनी, या स्वतःशीच केलेल्या विचाराने तो अडथळा दूर झाला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) मार्ग उलट दिशेचा होता. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला आणि त्यांच्या खऱ्या अडचणी त्यानंतर सुरू झाल्या. त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धांत आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीचे प्रश्न त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून रोखठोक विचारले. चर्चचा अधिकार म्हणून मान तुकवा, असे सुचवले गेले तेव्हा, भारतातील पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटले असताना तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. त्यांच्या गुरूंना यात अहंकार दिसला. ज्या स्त्रीने दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गमावली आणि शास्त्रे मुखोद्गत असूनही त्यांत स्त्रीला मुक्ती मिळत नाही हे ओळखले, तिची चौकशी अहंकाराची मानणे अन्यायाचे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांना हवी ती शांती लाभली. कोणी त्यांना त्यांच्या प्रश्नांपासून परावृत्त केले म्हणून ती आली नाही. केडगाव येथील मुक्ती मिशन आणि बायबलचे त्यांनी स्वतः केलेले मराठी भाषांतर हे त्यानंतरचे कार्य होय.

धर्माचे परदेशी रूप हाही मराठी मनाला अडसर वाटत असे. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात बंधू म्हणून जागा दिली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.