सराईत चोर आणि दहा बोटांचं गणित

कैदी जेलमधून पळाल्याची बातमी आली, की भुसावळच्या टपरीवर निकाल लगेच लागतो: "पळाला ना भो, आता डबल सजा!" कायद्यात असं डबल-बिबल काही नाही. भारतीय न्याय संहितेत कोठडीतून पळण्याला जास्तीत जास्त २ वर्षं आहेत. जुन्या शिक्षेतले उरलेले दिवस वेगळे भोगावे लागतात. खरा दणका बसतो तो पळाल्यानंतर केलेल्या घरफोडीला. मालमत्तेच्या किंवा खोट्या नोटा-नाण्यांच्या ज्या गुन्ह्याला ३ वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे, त्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसंच करताना सापडला, तर कलम १३ खाली १० वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप होऊ शकते.

पण त्याआधी कोर्टात सिद्ध करावं लागतं की हा तोच. भुसावळला रात्रीची गाडी धरली की माणूस सकाळी सुरतेत नाहीतर नागपुरात. तिथं दुसरं नाव सांगितलं की झालं! बोटांचे ठसे जुळवता येतात हे दीडशे वर्षांपूर्वीही माहीत होतं. अडचण शोधण्याची होती. एकेका कैद्याच्या दहा बोटांचे ठसे असलेल्या हजारो कार्डांत नेमकं कुठलं काढायचं?

हे कोडं सुटलं कलकत्त्यात, आणि ते सोडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. १८९७ मध्ये तिथं ठसे विभाग सुरू झाला.

युक्ती बघा. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना १ ते १० क्रमांक द्यायचे. दोन-दोन बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि त्यांना किंमत द्यायची १६, ८, ४, २, १. बोटावर चक्र असेल तर ती किंमत धरायची, नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा अंश, विषम बोटांची बेरीज अधिक १ हा छेद. समजा चक्रं फक्त उजवा अंगठा (१६), उजवी अनामिका (८) आणि डावी तर्जनी (२) यांवर आहेत. अनामिका चौथी, म्हणून अंश ८+१=९. अंगठा पहिला, तर्जनी सातवी, म्हणून छेद १६+२+१=१९. कार्ड गेलं ९/१९ च्या कप्प्यात. अंश ३२ प्रकारचा, छेद ३२ प्रकारचा. एकूण कप्पे १०२४. संगणकाच्या कितीतरी आधी फौजदार शून्य-एकचं गणित करत होते! पुढे कप्प्यात पोटकप्पे पाडायला रेषाही मोजत, ते इथं सोडून देतो. नाव बदललं तरी कप्पा बदलत नाही. कातडी घासूनही फायदा नाही, कारण रेषांचा साचा खालच्या थरात असतो आणि वरवरची जखम भरली की तोच पुन्हा उमटतो.

याच चक्रांवरून ज्योतिषी राजयोग सांगतात. आता तर ठसे घेऊन पोराची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या 'डीएमआयटी' चाचण्या पालकांच्या गळ्यात मारल्या जातात. दोन्हींना शास्त्रीय आधार नाही. ठसा माणूस कोण ते सांगतो, कसा ते नाही. १८७१ च्या कायद्यानं तर ठसाही न बघता अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण कुठं चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात, ही तक्रार अजून ऐकू येते.

आता कप्पे गेले, संगणक आला. २०२२ पासून देशभरातले ठसे 'नॅफिस' या यंत्रणेत शोधता येतात; तिथं रेषा कुठं संपते, कुठं फुटते, ते बिंदू जुळवले जातात. पण शाई लावून नीट घेतलेले दहा ठसे वेगळे आणि कडीकोयंड्यावर सापडलेला अर्धा पुसट ठसा वेगळा. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर अशाच एका ठशावरून अमेरिकेच्या एफबीआयनं ओरेगॉनच्या एका निरपराध वकिलाला पकडलं होतं. जुनी शिक्षा सिद्ध करायला दहा बोटं हाताशी असतात. नवी घरफोडी त्यानंच केली हे सिद्ध करायला बहुतेकदा तो अर्धाच ठसा असतो.