घाम फुटला म्हणजे एमएस वाढला असं नाही

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस) काही रुग्णांची नजर श्रम झाले की अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. दोष त्यांनी श्रमाला दिला. खरं कारण उष्णता, हे पुढे कळलं. या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण ठिकठिकाणी झडतं आणि उघड्या तंतूतून संदेश जेमतेम पार होतो. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तंतूतली सोडियम आत घेऊन संदेश पुढे नेणारी दारं लवकर मिटतात आणि संदेश वाटेतच विरतो. अंग निवलं की पुन्हा पोचतो. नवी इजा झालेलीच नसते. तरीही 'दमू नका, पडून राहा' हा सल्ला जवळपास शतकभर चालला.

त्याला मोठा धक्का बसला १९९६ मध्ये. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या एका अभ्यासात ५४ रुग्ण होते. व्यायाम करणाऱ्या गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायची सायकल मारली. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता २२ टक्क्यांनी वाढली. व्यायामाने रिलॅप्स (आजार पुन्हा उसळण्याचे झटके) वाढतात, असंही नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही.

पण व्यायामाला औषध म्हणायची घाई नको. २०२३ च्या कॉगएक्स चाचणीत ६ देशांतले, वाढत जाणाऱ्या प्रकारच्या एमएसचे ३११ रुग्ण होते. विचारांचा मंदावलेला वेग सुधारण्यात १२ आठवड्यांचा खरा व्यायाम नाममात्र व्यायामापेक्षा सरस ठरला नाही.

मग किती करावा? सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी २०१३ ची कॅनडाची शिफारस अशी: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम श्रम (बोलता येतं, गाता येत नाही इतके) आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम.

घोडं अडतं ते पावलात. चवडा उचलणारा स्नायू आधी थकतो. ट्रेडमिलवर हे कानाला आधी कळतं: 'ठप-ठप'च्या जागी बुटाचं टोक घासल्याचा 'सर्र' आवाज येतो. तिथेच थांबावं, पुढचं पाऊल अडखळण्याचं असतं. सलग चालण्याऐवजी दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाडून मध्ये बसलं, तर एकूण चाल जास्त होते.

वेळ पहाटेची, पंखा समोर, सोबत बर्फाचं पाणी. लघवीच्या घाईच्या धास्तीने अनेकजण पाणीच तोडतात. मग बद्धकोष्ठ होतो आणि अंगही लवकर तापतं. व्यायामानंतरची मुंग्या-अंधारी साधारण तासाभरात ओसरते. ताप नसताना नवीन लक्षण २४ तास टिकलं, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करावा.