चित्रांसमोर बसायची जागा

कोल्हापुरात येणारा पाहुणा संग्रहालयात पोचतो तो बहुधा अंबाबाईचं दर्शन उरकून. रांगेत तास-दोन तास उभं राहून झालेलं असतं, सोबत आजी असते, कडेवर मूल असतं. म्हणून बाक, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह आणि मुलांना काहीतरी करायला देणारा कोपरा या गोष्टींची चर्चा इथे व्हायलाच हवी. या सोयी हल्लीच्या वाटतात, पण त्यामागचा विचार दीडशे वर्षांहून जुना आहे.

लंडनचं साउथ केन्सिंग्टन म्युझियम १८५७ मध्ये उघडलं. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखलं जातं. दिवसभर राबणाऱ्या माणसालाही कला पाहता यावी, असा त्याचे पहिले संचालक हेन्री कोल यांचा आग्रह होता. त्यासाठी गॅसच्या दिव्यांवर संध्याकाळीही दालनं उघडी ठेवली गेली आणि आवारातच खाण्यापिण्याची व्यवस्था झाली. संग्रहालयातल्या उपाहारगृहाची परंपरा तिथूनच सुरू झाली, असं मानतात.

थकव्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं ते बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी. एका प्रेक्षकाला त्यांनी वस्तूंविषयी प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला कुठे वाकावं लागतं, कुठे उकिडवं बसावं लागतं, कुठे मान ताणावी लागते याची छायाचित्रं घेतली. १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चुकीच्या उंचीची कपाटं आणि दाटीवाटीची मांडणी माणसाला दमवते, हे त्यांतून उघड दिसलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सगळ्यांत मोलाचं काम हेच. प्रेक्षक कंटाळला म्हणजे त्याला कलेची गोडी नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

हाताळून शिकण्याची लाट पुढची. १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं. तिथे वस्तूंना हात लावणं हेच अपेक्षित होतं. ती रीत विज्ञानाकडून कलादालनांतही आली. २०१३ मध्ये क्लीव्हलँडच्या कला संग्रहालयाने ४० फुटी स्पर्शपडदा बसवला. त्या मानाने ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ मध्ये केलेलं आवाहन साधं होतं आणि मला ते जास्त भावतं: मोबाइल बाजूला ठेवा, समोरचं चित्र कागदावर काढून बघा.

कोल्हापूरची अडचण वास्तूंपासून सुरू होते. गॉथिक धाटणीचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ दरम्यान उभा राहिला, तेव्हा इथे संग्रहालय होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या काशाच्या मूर्तीसारखे ठेवे सापडले, त्यांच्यासाठी संग्रहालय निघालं आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं. नवीन राजवाड्याचंही तसंच. तो राहण्यासाठी बांधलेला, संग्रहालय मागाहून. अशा वारसा वास्तूत भिंत फोडून काही करता येत नाही. टेकायला माणसं बाहेरच्या बागेत येतात. बागेतली सावली मोठी आहे, पण तिथून चित्र दिसत नाही.

आणि इथली चित्रं तर अशी, की उभ्याउभ्या संपत नाहीत. इथले चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळा हे तलाव, पंचगंगेचा काठ पुन्हापुन्हा रंगवला. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांच्यापासून या गावात निसर्गचित्रणाची परंपरा घट्ट रुजली, आणि तिची रीत म्हणजे जागेवर बसकण मारून, उजेड बदलेपर्यंत पाहत राहणं. त्या चित्रांपुढे एक पाठ असलेला बाक, सोबत चित्र काढायला पाटी आणि पेन्सिल ठेवायला भिंतीला धक्का लावावा लागत नाही. खाली बसून उठताना ज्येष्ठांना आधार लागतो, म्हणून बाकाला हात हवेत. चाकाची खुर्ची शेजारी लागेल इतकी मोकळी जागाही हवी; दिव्यांगांना कला सुलभ व्हावी, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच नमूद आहे.