चौथ्या भिडूची जागा घेणारं यंत्र

‘माहजाँग’ म्हटलं की आपल्याकडे अनेकांना आठवतो तो विंडोजवरचा खेळ. एकावर एक रचलेले चिनी चित्रांचे ठोकळे, सारखे दोन दिसले की क्लिक, जोडी गायब. खऱ्या माहजाँगशी त्याचं नातं फक्त ठोकळ्यांपुरतं. एकट्याने जोड्या लावायचा हा प्रकार ब्रॉडी लॉकार्ड या अमेरिकन प्रोग्रॅमरने 1981 मध्ये प्लेटो नावाच्या संगणक यंत्रणेवर रचला आणि 1986 मध्ये तो ‘शांघाय’ या नावाने बाजारात आला. त्याच वर्षांत जपानी गेम सेंटरमध्ये नाणी टाकून लोक जे खेळत होते, ते वेगळंच. जपानी लोक त्याला ‘माजान’ म्हणतात, आणि आपल्या ओळखीतलं त्याचं सर्वांत जवळचं भावंड म्हणजे रमी.

हातात 13 ठोकळे. एक उचलायचा, एक टाकायचा. चौदाव्या ठोकळ्याने तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी पुरी झाली की डाव तुमचा. ठोकळ्यांचे प्रकार 34, प्रत्येकाचे चार नग, म्हणजे एकूण 136. दुसऱ्याने टाकलेल्या ठोकळ्यावर जिंकलात तर ‘रोन’ म्हणायचं. जपानी खासियत म्हणजे ‘रीची’: कुणाचा ठोकळा न उचलता हात पुरा व्हायला एकच ठोकळा कमी उरला, की हजार गुणांची काडी टेबलावर ठेवून तसं जाहीर करायचं. चीनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या खेळाला हे वळण जपानमध्ये मिळालं आणि महायुद्धानंतर ते पक्कं रुजलं.

अडचण एकच: खेळाला चौघं लागतात. मेंढीकोटाचा डाव चौथ्या भिडूवाचून ज्यांचा अडलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. जपानमधल्या ‘जानसो’त, म्हणजे पैसे देऊन माजान खेळायच्या जागेत, एखादं टेबल अपुरं पडलं तर तिथला नोकरच चौथा म्हणून बसतो. नाणं टाकून चालणाऱ्या आर्केड यंत्राने हीच नोकरी पत्करली, असं मला वाटतं. फक्त त्याला एका नव्हे, तिन्ही भिडूंची उणीव भरायची होती.

1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेमने जपानी कॉफीच्या दुकानांत काचेच्या टेबलाखाली पडदा असलेली यंत्रं आणून ठेवली होती. कपबशी ठेवायची जागा आणि खेळायची जागा एकच. बसून, सावकाश, डोकं लावून खेळायच्या खेळाला याहून सोयीचं काय? इरेम कंपनीचं ‘पीटी रीच माजान’ 1979 चं, अल्फा डेन्शीचं ‘जानप्युटर’ 1981 चं.

पण दांडी (जॉयस्टिक) हलवून माजान खेळता येत नाही. म्हणून पडद्यावरच्या ठोकळ्यांखाली ए ते एन अशी 14 बटणं एका ओळीत आली. जो ठोकळा टाकायचा त्याच्याखालचं बटण दाबायचं. शिवाय कान, पोन, ची (हे संच लावतानाचे पुकारे), रीच म्हणजे रीची, आणि रोन यांची बटणं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा छोटा पियानोच वाटावा. या पट्टीमुळे माजानचं यंत्र इतर खेळांपासून वेगळं पडलं. दांडी आणि चार-सहा बटणांच्या कॅबिनेटमध्ये नुसता आतला सर्किट बोर्ड बदलून भागत नसे. एसएनके कंपनीने तर घरी खेळायच्या आपल्या निओ जिओ यंत्रासाठीही खास माजानचा कंट्रोलर काढला. आज मेम या एम्युलेटरवर, म्हणजे जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, हे खेळ चालवणाऱ्यांची वेगळीच फजिती होते. ए ते एन ही अक्षरं आपल्या कीबोर्डवर विखुरलेली, आणि रोन थेट झेडवर! जिंकायच्या क्षणी बोट शोधत बसायचं.

चौघांचा पूर्ण डाव तासभर सहज चालतो. शंभर येनच्या नाण्यात एवढा वेळ दुकानदाराला परवडणार कसा? म्हणून बहुतेक यंत्रांनी दोघांचा खेळ केला: तुम्ही आणि संगणक. तुमच्याकडे गुण इतके थोडे की एखादा मोठा हात हरलात की नवं नाणं. जुन्या यंत्रांवर खेळाडूंचा कायमचा राग असे तो यावर, की संगणक प्रामाणिकपणे खेळतच नाही, त्याचा हात आधीच लावून ठेवलेला असतो. आणि हा राग पुष्कळदा रास्तही होता. यंत्राला विचार करायला शिकवण्यापेक्षा ठोकळे लावून ठेवणं स्वस्त पडे.

हरण्याची खात्री असताना माणूस नाणं का टाकेल? 1983 पासून ओसाकाच्या निचिबुत्सु कंपनीने ‘जानगो नाइट’सारख्या खेळांतून याचं उत्तर दिलं: समोर एक चित्रातली तरुणी, आणि प्रत्येक विजयामागे तिचा एक कपडा कमी. आर्केड माजानचा इतिहास सांगताना हा भाग झाकून चालत नाही, कारण पुढची दहा-बारा वर्षं बाजार त्यावरच चालला. सेटा कंपनीचं ‘सुपर रिअल माजान’ त्यातल्या सफाईदार अ‍ॅनिमेशनसाठी नावाजलं गेलं; खेळ म्हणून ते निर्दयच. याच काळात, फेब्रुवारी 1985 पासून, करमणुकीच्या धंद्यांवरच्या सुधारित कायद्याखाली गेम सेंटरांना मध्यरात्रीनंतर दारं बंद करावी लागली. जानसो तर आधीपासूनच त्या कायद्याच्या कक्षेत होते.

खरा बदल आला 2002 मध्ये. कोनामीचं ‘माजान फाइट क्लब’ आणि सेगाचं ‘एमजे’ यांनी गावोगावची गेम सेंटर संगणकाच्या जाळ्याने (नेटवर्कने) जोडली. समोर पुन्हा चार हात आले, आणि ते माणसांचे. कार्ड सरकवलं की तुमची श्रेणी तुमच्याबरोबर कोणत्याही दुकानात हजर, आणि कोनामीच्या यंत्रात तर अधूनमधून खऱ्या व्यावसायिक खेळाडूशीही गाठ पडे. पडद्याला बोट लावून ठोकळा टाकता येऊ लागल्यावर ए ते एनची गरजही सरली.

2018 मध्ये जपानमध्ये व्यावसायिक माजानची ‘एम लीग’ सुरू झाली. तिच्यातल्या एका संघाचं नाव आहे ‘कोनामी माजान फाइट क्लब’.