ससा पाठ का दाखवत नाही?

संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर बसलो होतो, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. ‘चंद्र स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून त्याची एकच बाजू दिसते. दुसऱ्या बाजूला कायम काळोख असतो.’ दोन वाक्यं, दोन्ही चूक, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग.

आधी पहिलं वाक्य. तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घाला. उजवा खांदा सतत तुळशीकडे. वृंदावनाच्या उत्तरेला असाल तेव्हा तोंड पूर्वेला, पूर्वेला पोचलात की दक्षिणेला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला. प्रदक्षिणा संपेपर्यंत चारही दिशांना तोंड करून झालं, म्हणजे तुमची स्वतःभोवतीही एक गिरकी झाली. तुळशीला मात्र फक्त उजवा खांदा दिसला. चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी २७.३ दिवसांत मारतो आणि नेमक्या तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एकदा फिरतो. तो फिरला नसता, तर सशाची पाठही महिनाभरात बघून झाली असती.

दुसरं वाक्य एका ओळीत निकालात निघतं. अमावास्येला आपल्याकडची बाजू अंधारात असते, तेव्हा पलीकडे लख्ख ऊन पडलेलं असतं. १९५९ साली ‘लूना ३’ यानाने त्या बाजूचे पहिले फोटो काढले ते सूर्यप्रकाशातच.

पण ‘नेमक्या तेवढ्याच वेळात’ कसं? हा योगायोग नाही, आणि माझा खरा जीव इथेच आहे. पृथ्वीची ओढ चंद्राच्या जवळच्या बाजूला जास्त, लांबच्या बाजूला कमी. त्यामुळे चंद्र किंचित लांबुळका ताणला जातो, दोन टोकांना फुगवटे येतात. सुरुवातीला चंद्र बराच वेगाने गरगरत होता. खडक काही क्षणात आकार बदलत नाही, म्हणून फुगवटा पृथ्वीच्या रेषेत न राहता गिरकीबरोबर थोडा पुढे जाई. पृथ्वी त्याला मागे खेची. सतत लागलेला ब्रेकच तो. गिरकी मंदावत गेली आणि फुगवटा पृथ्वीच्या रेषेत आल्यावर ब्रेक सुटला. तेव्हापासून दोन्ही गती जुळलेल्या आहेत.

चंद्रही पृथ्वीला हाच ब्रेक लावतो. समुद्राचा फुगवटा, म्हणजे आपली भरती, पृथ्वीच्या फिरण्याने चंद्राच्या पुढे नेली जाते. चंद्र तिला मागे ओढतो, ती चंद्राला पुढे ओढते. पृथ्वीचा कोनीय संवेग (म्हणजे फिरण्याचा जोर) घटतो, चंद्राच्या कक्षेचा तेवढाच वाढतो, आणि कक्षा मोठी होते. गंमत म्हणजे पुढे ओढला गेलेला चंद्र वर चढतो आणि शेवटी आधीपेक्षा हळू चालतो! हे डोक्यावरून गेलं तर आकडा तेवढा धरा: चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातोय. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलंय.

चांद्रयान-३ चा लँडर ‘विक्रम’ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला तो चंद्राच्या याच, आपल्याकडच्या बाजूला. तिथून पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. उत्तरेच्या अंगाला, क्षितिजाच्या जरा वर ती एकाच जागी किंचित डुलत असते. आपली अमावास्या असते तेव्हा तिथून पूर्ण पृथ्वी दिसते, आणि ती मात्र सगळ्या बाजू दाखवते: आत्ता अरबी समुद्र, काही तासांनी आफ्रिका.