समुपदेशन म्हणजे श्रीमंतांचे चोचले?

‘तासाला हजार-दीड हजार मोजणाऱ्यांनीच समुपदेशनाला जावं,’ असं सर्रास म्हटलं जातं. खासगी दवाखान्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण गोव्यात ‘संगथ’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांच्याच भाषेत, ६ ते ८ बैठका. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा गुण जास्त आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये ते छापलं. (पदवीचा बाऊ आपणच जास्त करतो.)

आणि आज रात्रीच कुणाशी बोलायचं असेल तर? १४४१६, सरकारची ‘टेली-मानस’ सेवा: मोफत, चोवीस तास, मराठीतही. नियमित बैठकांची जागा ती घेत नाही, पुढे कुठे जायचं ते मात्र सांगते.